हातात आलेला हात

पंचमी तोंडावर आली की अंबाजोगाईच्या बाजारात बांगड्यांची दुकानं अजून भरून जातात. परवा भाजी घेऊन येताना मी एका दुकानापुढं उभी राहिले. दुकानदार काचेच्या कपाटाच्या आत, बायका बाहेर. तो खोकी काढून द्यायचा आणि बायका आपल्याच हातानं आपल्या हातात बांगड्या चढवायच्या, साबण लावून, ओठ दाताखाली धरून. कुणी कुणाच्या हाताला हात लावत नव्हतं. धंदा जोरात होता, तेव्हा नावं ठेवायचं कारण नाही. पण माझा सगळा जन्म बायकांचे हात धरण्यात गेला, त्यामुळं मला ते थोडं कोरडं वाटलं, इतकंच. पिशवीतली कोथिंबीर सुकत होती म्हणून मी घरी आले.

घरी नातू येऊन बसलेला. तो शिलाई मशिनी विकतो, म्हणजे कंपनी विकते आणि तो गावोगाव फिरतो. कंपनीनं त्याला औरंगाबादला आठवडाभर बसवून विक्रीचं शास्त्र शिकवलं होतं आणि ते त्याच्या अंगात अजून ताजं होतं. जेवताना तो आम्हालाच शिकवू लागला. गिऱ्हाइकाला आधी बोलू द्यावं. आपल्या मालाची खोट आपणच सांगावी. दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवू नयेत. सौदा जमला की जास्त बोलू नये. हे सगळं नवं आहे, परदेशात मोठमोठ्या लोकांनी शोधून काढलेलं आहे, असं तो म्हणत होता. मी भाकरी मोडत ऐकत होते. मधेच विचारलं, पाणी मागायचं शिकवलं का नाही? त्याला वाटलं मला तहान लागली, म्हणून त्यानं तांब्या पुढं सरकवला.

पाणी मागायचं मला आत्याबाईंनी शिकवलं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आम्ही कासार. तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि या गावाला मोमिनाबाद म्हणत. सासरे बाजारातल्या दुकानात बसत आणि आत्याबाई गावं फिरत. गावं वाटलेली असायची. एका कासाराच्या गावात दुसऱ्यानं बांगड्यांची माळ सोडायची नाही, हा शिरस्ता कुणी लिहून ठेवलेला नव्हता, पण मोडतही कुणी नव्हतं. आत्याबाईंच्या वाटणीला आलेल्या गावांत घाटनांदूर सगळ्यात मोठं. वाण्यांची घरं, जमीनदारांची घरं, बाजारपेठ, आणि पंचमीला माहेरी आलेल्या लेकींनी भरलेले वाडे. वर्षाची निम्मी कमाई त्या एका गावातून यायची.

तर पाणी. दारात गेल्यावर बांगड्यांचं नाव काढायचं नाही. माळा खांद्यावरच ठेवायच्या आणि म्हणायचं, माय, घोटभर पाणी दे. घरातली बाई तांब्या घेऊन येते. तांब्या देताना तिचा हात पुढं होतो, पदर मागं सरकतो आणि कोपरापर्यंत सगळं दिसतं. कुठली बांगडी गेली, कुठल्या रंगाची आवड आहे, हात कष्टाचा आहे का दुधातुपाचा, माप कोणतं. आपण पाणी पिईपर्यंत हे सगळं बघून घ्यायचं. तांब्या परत देताना ती विचारतेच, हिरव्या हायेत का गं? आपण विकायला आलोय हे तिनं विसरायचं आणि ती घ्यायला आलीय हे आपण विसरायचं नाही. ही चलाखी होती का, असा प्रश्न मला म्हातारपणी पडला. पण बालाघाटाचे चढउतार पायी करून आल्यावर तहान खरीच लागलेली असायची.

आत्याबाई मोजकं बोलायच्या. त्यांचं शिकवणं म्हणजे मनगटावर चापट. मी चार रंगांच्या माळा एकदम सोडायला लागले की चापट बसायची. तीनच दाखवायच्या. जास्त दाखवल्या की बाई गोंधळते, मग म्हणते उद्या बघू, आणि उद्या आपण दुसऱ्या गावात असतो. काचेत बुडबुडा राहिलेली बांगडी आली की ती आपणच उजेडात धरायची आणि म्हणायचं, ही बघ, ही कच्ची हाय, घेऊ नको. एवढं केलं की बाकीच्या बांगड्या ती तपासून बघायचीसुद्धा नाही. भरताना बांगडी वाढवली, म्हणजे फुटली, तर नुकसान आपलं, आणि तोंड वाकडं न करता सोसायचं. शेवटची एक वरून घालायची आणि तिचं काही घ्यायचं नाही. आणि बांगडी जिच्या हातात जाणार तिच्याशी गोड बोलताना जात्यापाशी बसलेल्या म्हातारीकडं पाठ करायची नाही, कारण बांगड्यांच्या मोलाचे सुपातले जोंधळे तिच्या हुकमानं यायचे.

हात दाबायचा सराव मला घरच्यांच्या हातांवर करावा लागला. अंगठ्याखालचा मांसल भाग आत घ्यायचा, बोटांची पेरं एकावर एक आणायची, आणि बाईशी बोलता बोलता बांगडी सरकवायची. सासरचे सगळे हात झाले. शेवटी मी यांचा हात धरला. यांनी मुकाट्यानं भरून घेतल्या, पण नेमका शेजारचा माणूस आला आणि पुढं महिनाभर पारावर यांना सगळे वहिनी म्हणत होते. माझे यजमान तसे सोशीक. पण त्यांना हा धंदा मनापासून कधी आवडला नाही. बायकांच्या घोळक्याबाहेर तट्टू धरून उभं राहणं त्यांना कमीपणाचं वाटायचं.

ज्या वर्षाचं मला सांगायचं आहे त्या वर्षी आषाढात आत्याबाईंचा अंगठा सुजला आणि आखडला. अंगठा गेला की कासारीण घरी बसली. पंचमीची फेरी माझ्यावर आली. मला तेव्हा लग्न होऊन थोडीच वर्षं झाली होती. त्याच सुमारास घाटनांदूरला रेल्वे आली होती आणि रेल्वेबरोबर लातूरकडचा एक बांगडीवाला पत्र्याची पेटी घेऊन उतरू लागला होता. गावं वाटलेली असतात हे त्याला कुणी सांगितलं नसावं. बायका त्याला इस्टेशनवाला म्हणत. त्याच्याकडं चमकीच्या बांगड्या होत्या, आरशात बघावं तसं तोंड दिसणाऱ्या.

निघायच्या आदल्या दिवशी यांनी मला सरळ सांगितलं. घाटनांदूर राहिलं तर राहू. गेलं तर दिवाळीनंतर सोलापूरला गिरणीत, आणि तूही तिकडंच यायचं. आत्याबाई ऐकत होत्या. मला सोलापूरची भीती नव्हती. पण मला एक विद्या येत होती आणि ती मी बोटं कापून घेऊन शिकले होते. भोंग्याची वाट बघत एका खोलीत बसायचं आणि ती विद्या विसरून जायची, हे मला नको होतं. ते मी कुणाला बोलले नाही, पण वाटभर माझ्या मनात तेवढंच होतं.

त्या वाटेचं मला अजून सगळं आठवतं. काळ्या रानातला चिखल, पायाला चिकटून पाय जड करणारा. कंबरेला लागलेली ज्वारी. तट्टूच्या पाठीवर घोंगड्याखाली माळांची किणकिण, एका लयीत, आणि तट्टू थांबलं की एकदम शांत. भिजलेल्या घोंगड्याचा वास. गावाच्या कडेच्या कडुलिंबांना टांगलेले झोके आणि त्यांच्यावरून येणारी गाणी, ज्यांचे शब्द ऐकू यायच्या आत वारा दिशा बदलायचा. माझं माहेर धारूरचं. तिथं किल्ल्याच्या बाजूला असाच एक लिंब होता. त्या वर्षी पंचमीला मला माहेरी जायला मिळालं नाही. कासारणीला पंचमीला माहेर नसतं, हे आत्याबाईंनी लग्नानंतर पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं, आणि बरं झालं सांगितलं, नाहीतर मी दर वर्षी वाट बघत बसले असते.

नातवाच्या शास्त्रात आणि आत्याबाईंच्या बोलण्यात मी परवा रात्री फरक शोधत होते. फारसा सापडला नाही. माणसं तीच आहेत, घ्यायचं नाही म्हणत घेतात, घ्यायचं म्हणत घेत नाहीत. मग जुन्या सूचना जुन्या कशा होतील? फक्त एक गोष्ट त्याच्या यादीत नव्हती. बहुतेक मशीन विकताना तिची गरज पडत नसावी.

हात धरला की हात बोलतो. ताप असेल तर कळतं. पोटाला पुरत नसेल तर कळतं, मनगटाचं हाड वर येतं. मनगटाला कुणी पिरगाळलं असेल तर बाई बांगडी चढायच्या आधीच हात आखडते. नवी नवरी सुखात आहे का नाही हे तिच्या तोंडापेक्षा तळव्याला जास्त माहीत असतं. कासारीण एका दिवसात एका गल्लीतले सगळे हात धरते, म्हणजे गल्लीतलं सगळं तिला कळतं, आणि पुढच्या दारात ऐकायला कान टवकारलेलेच असतात. काय गं, त्या घरची सून कशी हाय? इथं दोन शब्द टाकले तर दोन डझन बांगड्या जास्त जातात, हे कुठल्याही कासारणीला ठाऊक असतं. आत्याबाईंनी मला पहिल्या फेरीला गावाच्या वेशीवर थांबवून एवढंच सांगितलं होतं, “गंगे, हातात आलेलं तोंडात आणायचं न्हाई.” चापट मारली नव्हती, म्हणून ते जास्त लक्षात राहिलं.

घाटनांदूरला आम्ही पहिल्यांदा जायचो ते एका लिंगायत वाण्याच्या घरी. किराण्याचं मोठं दुकान पुढं, मागं चौक. त्या चौकात गल्लीतल्या सगळ्या बायका जमत आणि तिथं काय ठरलं ते गाव पाळायचं. घरात मोठ्या काकूबाई. त्यांची पुतणी शिवकांता पंचमीला आली होती. तिची आई लहानपणीच गेलेली, काकूबाईंनीच तिला वाढवलेलं. सासर धारूरच्या घाटाखालच्या एका गावात. शिवकांताचं दोनदा दिवस राहून पोट पडलं होतं, हे पंचक्रोशीला माहीत होतं. तिच्या सासरी दुसरी करायची बोलणी चालू आहेत, हेही माहीत होतं. पुढचं जे मी सांगते आहे ते शिवकांता स्वतःच नंतर चारचौघींत हसत सांगायची, म्हणून सांगते.

काकूबाईंनी आधी तिलाच बसवलं. आत्याबाईंनी मला तिचं माप सांगून ठेवलं होतं: लहान, हात मऊ, बांगडी अशी बसली पाहिजे की फिरू नये. घट्ट बांगडी हीच कासारणीची परीक्षा. मी हात धरला. माप लहान नव्हतं. तळवा गरम होता, पेरं भरलेली होती, अंगठीच्या बोटावर पांढरा वळ होता आणि त्या बोटातलं वेढणं करंगळीत आलेलं होतं. मी वर बघितलं. ती खाली बघत होती. तिनं माझं बोट आपल्या मुठीत एकदा दाबलं आणि सोडलं.

तिच्या सासूनं कपिलधारला नवस बोलला होता. या खेपेला पाचवा महिना लागेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही, माहेरीसुद्धा नाही, पाचवा लागला की धबधब्याचं पाणी आणून मग तोंड उघडायचं. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला दोनच गोष्टी कळल्या. हा हात अजून भरत जाणार. आणि हे बोलायचं नाही.

मी घट्ट माळ बाजूला ठेवली आणि एक माप मोठी काढली. पहिली बांगडी घालताच चौकात हसू पसरलं. शेजारणीनं शिवकांताचा हात धरून हलवला, बांगडी कोपराकडं गेली. काकूबाई म्हणाल्या, “तुझ्या सासूनं भरलेली बांगडी हातात फिरत न्हवती. ह्या तर भांडी घासताना गळून पडतील. माप कळत न्हाई का तुला?”

मी म्हणाले, “ह्या हाताला मी ह्याच भरते, काकूबाई.”

कारण विचारलं. मी दिलं नाही. खरं सांगता येत नव्हतं आणि खोटं वेळेवर सुचलं नाही. काकूबाई चांगल्या बाई होत्या, पण आई नसलेल्या पुतणीला सणाला कुणी काही कमी केलं की त्यांना खपत नसे. त्यांनी माझ्या हातातून शिवकांताचा हात काढून घेतला आणि पारावर बसलेल्या इस्टेशनवाल्याला बोलावणं धाडलं.

तो आला. खरं सांगायचं तर त्याचा हात हलका होता. त्यानं चमकीच्या बांगड्या एकामागून एक अशा चढवल्या की शिवकांताच्या तोंडावर एकदाही कळ दिसली नाही, आणि अशा घट्ट बसवल्या की बायकांनी वाहवा केली. फक्त भरताना तो बायकांच्या घोळक्याकडं बघत होता, कुणाला आवडलं, आता कोण बसणार ते. हाताकडं त्यानं बघितलं नाही. मग सगळा चौक त्याच्याकडं वळला. मी माळा गोळा केल्या. बाहेर यांनी तट्टूवर घोंगडं टाकलंच होतं. बाकीच्या गल्ल्यांत आमच्या आधी बातमी पोचली होती.

मला रडू आलं नाही, राग आला. काकूबाईंचा नाही, त्या माणसाचाही नाही. आत्याबाईंचा आला. असली शिस्त शिकवायची आणि वर गावंही राखायला सांगायचं, हे दोन्ही एका माणसाला कसं जमावं? एक शब्द टाकला असता तर काकूबाईंनी मला जवळ घेतलं असतं, सगळ्या बायका माझ्याकडंच बसल्या असत्या, आणि मी हुशार ठरले असते. हे सगळं मी मोमिनाबादेपर्यंत मनात घोळवत आले.

घरी आल्यावर आत्याबाईंना झालेलं सांगितलं. हाताचं तेवढं सांगितलं नाही. म्हणाले, मी एक माप मोठी भरली आणि त्यांना आवडलं नाही. त्या अंगठ्याला बिब्बा शेकत होत्या. त्यांनी बिब्बा खाली ठेवला. मग विचारलं, “त्यास्नी कारण सांगितलंस?” मी नाही म्हणाले. त्या म्हणाल्या, “बरं. मला बी सांगू नगंस.” आणि पुन्हा अंगठा शेकायला लागल्या. यांनी त्याच आठवड्यात सोलापूरच्या एका ओळखीच्या माणसाकडं निरोप धाडला.

पंचमीला आलेल्या लेकी तेव्हा गौरी जेवून सासरी जात. गौरी यायच्या सुमाराला एका सकाळी घाटनांदूरहून वाण्याची छकडा गाडी आमच्या दारात उभी राहिली. शिवकांताचे हात सुजले होते. बांगड्या मांसात रुतल्या होत्या. इस्टेशनवाला आपल्या गावी गेलेला. सोनाराला बोलवून कापायचं म्हटलं तर बायकांनी एकच धसका घेतला, कारण गर्भार सवाशिणीच्या हातातल्या बांगड्या फोडायच्या म्हणजे अपशकुनाला हातानं आवतण. दिवस राहिलेत हे आता उघड होतं. पाचवा लागला होता, कपिलधारचं पाणी येऊन पोचलं होतं. मी आणि आत्याबाई गाडीत बसलो.

चौकात तशाच सगळ्या बायका होत्या. मी शिवकांताला पलंगावर निजवून तिचे हात वर धरायला लावले आणि त्यांना गार पाण्याची फडकी गुंडाळली. घाई करायची नव्हती. सूज जरा उतरल्यावर रिठ्याचा फेस केला. मनगट मोकळं राहू नये म्हणून आधी हळदीचा दोरा बांधला. मग पहिली बांगडी धरली. घालायला अंगठा लागतो, काढायला धीर लागतो. एक बांगडी पेरांवर अडकली ती हलेना. शिवकांतानं डोळे मिटले. आत्याबाई शेजारी होत्या, पण त्यांनी हात पुढं केला नाही. मी पुन्हा फेस घातला, हात पुन्हा वर धरला, पुन्हा सुरुवात केली. ती निघाली. सगळ्या निघाल्या, अख्ख्या.

मग मी तिला मोकळ्या हिरव्या भरल्या. काकूबाई समोर बसून बघत होत्या. त्यांनी मला विचारलं, “तुला त्या दिशीच कळलं व्हतं?”

मी शिवकांताकडं बघितलं. तीच म्हणाली, “कळलं व्हतं, काकू. म्या तिचं बोट दाबलं व्हतं.”

“मंग बोलली कावून न्हाईस? गाव गेलं असतं की तुझं.”

“बोलायचं त्यांचं व्हतं, माझं न्हाई,” मी म्हणाले.

काकूबाई उठून आत गेल्या. सुपात जोंधळे घेऊन आल्या, ते आत्याबाईंपुढं न ठेवता माझ्यापुढं ठेवले, आणि माझ्यासमोर बसून स्वतःचा हात पुढं केला. त्यांच्यामागं बाकीच्या बसल्या. संध्याकाळपर्यंत माझ्या बोटांची सालं निघाली. मला फार बरं वाटलं, ते मी लपवत नाही. सोलापूरचा निरोप यांनी परत घेतला, जरा कुरकुर करत. इस्टेशनवाल्यानं पुढं स्टेशनाजवळ दुकान टाकलं आणि तेही चांगलं चाललं. त्याच्याशी माझं कधी भांडण झालं नाही. माल त्याचा खरंच चांगला होता, हे मी गिऱ्हाइकांनी विचारलं तर सांगायचे.

नातवाला मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्यानं लगेच हिशोब मांडला. म्हणजे आजी, एका गिऱ्हाइकाचा विश्वास मिळवून तू अख्खं गाव राखलंस, हेच तर आम्हाला शिकवतात. त्याचं बरोबर होतं. पण मी काही गाव राखायला गप्प बसले नव्हते. गप्प बसल्यावर तर गाव गेलं होतं. हा मधला जो थोडा काळ असतो, पंचमी ते गौरी, त्यात फक्त गेलेलंच दिसतं, पुढचं काही दिसत नाही. त्या काळाबद्दल त्याच्या साहेबांनी काही शिकवलं का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, पुढच्या खेपेला विचारतो.

थंडीच्या दिवसांत शिवकांताला सातवा लागला. तिच्या सासरहून गाडी आली. त्या गावाला धरून कुणी कासार नव्हता, बायका धारूरच्या बाजाराला जाऊन भरत. आम्ही घाट उतरून गेलो. शिवकांताला हिरवा चुडा भरला, मग घरातल्या, मग गल्लीतल्या बायका बसल्या. जेवणाची पानं मांडली तशा सगळ्या आत गेल्या. शिवकांताची सासू तेवढी राहिली. दुसरी सून करायची बोलणी काढणारी ती हीच बाई. उंच, कोरडी, दिवसभर हुकूम सोडत फिरणारी. ती माझ्यासमोर बसली, हात पुढं केला आणि म्हणाली, “शिवकांता म्हणती, हातातलं तू तोंडात आणत न्हाईस.”

मी हात धरला. थंडगार होता. मी पहिली बांगडी सरकवली आणि ती भिंतीकडं बघत हळू आवाजात बोलायला लागली. एक हात झाला, दुसरा झाला, तरी तिचं संपलं नव्हतं, म्हणून मी भरलेल्या बांगड्या उगीच पुढंमागं करत राहिले. मग तिनं पदरानं डोळे कोरडे केले, रीतीप्रमाणं बांगड्यांना नमस्कार केला, आणि आत जाऊन वाढपाचे हुकूम सोडू लागली. त्या दिवसानंतर दुसऱ्या सुनेचा विषय त्या घरात निघाला नाही. ते गाव पुढं आमच्याकडंच राहिलं.

घाट चढताना यांनी विचारलं, म्हातारी येवढा येळ काय सांगत व्हती? मी म्हणाले, हिरव्या बऱ्या का लाल, ते विचारत व्हती. नातवानंही परवा हेच विचारलं. आता ती बाई जाऊनही बरीच वर्षं झाली. मी त्यालाही म्हणाले, हिरव्या बऱ्या का लाल, ते विचारत होती.